गादीतली माणसं

जुनी गादी उसवण्याआधी हमीदचाचा तिच्यावर बोटांनी टकटक करायचे, कान तिरपा करायचे आणि विचारायचे, "कोनी हाय का अंदर?" मग थांबायचे. कुणाच्या दारात उभा राहिलेला सभ्य माणूस थांबतो, तसे. आतून काही आलं नाही तर "चाला, मोकळी हाय" म्हणून शिवणीत कात्री घालायचे. कधीकधी मात्र भुवया उंचावून म्हणायचे, "हाय बा. बसू द्या जरा बुढ्याले," आणि गादी तशीच ठेवून चहा मागवायचे. गादी घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाचं तोंड अशा वेळी पाहण्यासारखं व्हायचं.

दिग्रसला बसस्टँडकडून बाजारात जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा गादी कारखाना होता आणि त्याला भिंत लावून माझं टायपिंगचं दुकान. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, पिंजायचं मशीन आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाक. त्यांच्याकडची रुई उडून माझ्या मशिनींच्या दातांत बसायची आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या खटखटीने त्यांची दुपारची डुलकी मोडायची. या दोन तक्रारींवर आमची दोस्ती वर्षानुवर्षं उभी होती. माणूस उंच, किडकिडीत. केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर कायम रुईचा थर. ते म्हातारे नेमके कधी झाले हे मला कळलंच नाही, कारण पहिल्यापासून ते पांढरेच दिसायचे.

ही टकटक कशासाठी, असं मी एकदा विचारलं होतं. तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, तुमच्या घरात कोनी न इचारता घुसलं त चालन का? गादी म्हंजे मानसाचं घरच हाय. अर्धी जिंदगी त तेच्यातच जाते."  पुढे मी माझीही घरची गादी पिंजायला दिली तेव्हा त्यांनी टकटक केल्यावर थोडा दचकलोही.

गावाबाहेर कापसातली सरकी काढायचं एक बंद पडलेलं जिनिंग होतं आणि त्याच्या आवारात गोऱ्या साहेबाचा म्हणून ओळखला जाणारा बंगला. छप्पर उडालेलं, भिंतीतून पिंपळ फुटलेला. चाचांची भुताची गोष्ट या बंगल्यात घडायची. गोष्ट एकच होती आणि ती त्यांनी कधी संपवली नाही. तिच्यात मूळ पात्रं तीन. एक साहेब, जो कंदील घेऊन कापसाच्या गाठी दाबायच्या प्रेसची हरवलेली चावी शोधत खोल्याखोल्यांतून हिंडायचा. दुसरी मेम, जी पांढरा झगा घालून खिडकीत बाजा वाजवायची. पियानो चाचांनी पाहिलेला नव्हता, त्यामुळे त्यांची मेम आपल्या भजनी मंडळासारखी मांडी घालून हातपेटीच वाजवत असे. तिसरा फाटक उघडणारा बुढा. तो आलेल्याला "कोन पायजे?" विचारायचा आणि उत्तराची वाट न पाहता दिवा घेऊन पुढे चालायला लागायचा. या बुढ्याच्या मागून चाचा आपल्याला जिना चढवून न्यायचे, वरच्या खोलीचं दार कुरकुरायचं, अंगावर काटा उभा राहायचा, आणि तेवढ्यात ते म्हणायचे की मेमला त्या दिवशी बारीक खोकला होता आणि ती बिचारी त्याच काळजीत होती.

त्यांच्या भुतांनी कधी कुणाचा गळा धरला नाही. त्याबद्दल त्यांचा ठाम सिद्धांत होता: "भूत कोनाचं वाकडं करत नाई. तेचं काम अडलेलं रायते, बस. काम झालं का आपल्या वाटेनं निंगून जाते." मग साहेबाची चावी आजवर सापडली का नाही, असं मी खवचटपणे विचारायचो. "सापडली त गोष्ट सरन ना, मास्तर," असं त्यांचं उत्तर तयार असायचं. खैरुनचाची मागच्या घरातून ओरडायच्या, "पाँच वक्त की नमाज पढते और दिनभर भूत बुलाते बैठते." चाचा त्यांच्याकडे पाहून हसायचे आणि मशीन सुरू करायचे.

खरी मौज पुढेच होती. गावात कुणी गेलं की काही दिवसांनी ते माणूस चाचांच्या बंगल्यात राहायला यायचं. आमच्या भागातला एक कंपाउंडर होता, जो ताप असो की पोटदुखी, सगळ्यांना एकच लाल औषध द्यायचा. तो वारला आणि पुढच्याच महिन्यात तो मेमच्या खोकल्यावर औषध देताना दिसू लागला. त्याची बायको एका बाजाराच्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन चाचांच्या पायरीशी थांबली. आता ही बाई भांडणार, असं मला वाटलं. तिने हळूच विचारलं, "आमचे हे काय करून राह्यले जी तिथं?" चाचा म्हणाले, "मेमले औषध देऊन राह्यले. लालच." ती पदर तोंडाला लावून हसली, डोळे पुसले आणि गेली. त्यानंतर दर बाजाराला ती त्या पायरीशी थांबून नवऱ्याची खबर घेऊन जायची. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

ती कापसाची वाईट वर्षं होती. एक वर्ष अळीने खाल्लं, एक वर्ष पावसाने, आणि पिकलं त्या वर्षी भावाने. गावातली जिनिंगं एकेक करून थंड पडली. पांढरं सोनं म्हणणारे लोक कापसाचं नाव काढलं की तोंड फिरवू लागले. आणि ऐन कापसाच्या गावात फोमच्या गाद्यांचं दुकान आलं. चाचांचा मुलगा सलीम म्हणायचा, आपणही फोम ठेवू. चाचा म्हणायचे, "स्पंजात कोनी राहू शकत नाई. भूतबी नाई." नव्या गाद्या कुणी भरत नव्हतं, लोक जुन्याच पिंजून घेत. पिंजताना थोडी रुई उडून जाते, तिला घट म्हणतात. गादीचं तोंड शिवण्याआधी चाचा स्वतःच्या पोत्यातली मूठभर रुई आत सारायचे. सलीमला ते पटत नसे. चाचा म्हणायचे, "घट आपल्या हातानं झाली, त भरन कोन?"

त्या वर्षांत आणखी एक वाईट सवय आम्हा सगळ्यांना लागली होती. शेतकरी गेला म्हटलं की कशाने गेला हे कोणी विचारत नसे. ठाऊकच आहे अशा समजुतीने लोक मान हलवत आणि पुढच्या विषयाकडे वळत.

सुमन नावाच्या एका मुलीचे वडील, असेच एक कापूसवाले शेतकरी, कावीळ होऊन गेले. गाव दिग्रसपासून जवळच. हा गृहस्थ हट्टी होता. त्या साली त्याने सगळा कापूस विकला नव्हता. या भावात देण्यापेक्षा लेकीच्या गादीत घालतो, म्हणून थोडा मागे ठेवला होता. मायलेकींनी बसून हातांनी सरकी काढली आणि रुई एका जुन्या खोळीत भरून ठेवली. मग हा आजारी पडला, घरात टेकायला मऊ दुसरं काही नव्हतं, म्हणून त्याच खोळीवर निजला आणि तिच्यावरच गेला. आमच्याकडे मेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत, वेशीबाहेर नेऊन टाकतात. सुमनच्या आईने ते टाकलं नाही. वर्ष फिरलं, सुमनचं लग्न उमरखेडला ठरलं, तेव्हा ती खोळ डोक्यावर घेऊन आई चाचांकडे आली आणि जे होतं ते सगळं सांगून टाकलं. टाकायला मन होत नाही, असं म्हणाली. चाचा म्हणाले, "तेनं पोरीसाठी ठेवलं, त पोरीलेच जाईन." लाल फुलांची नवी खोळ तिने पसंत केली आणि ती बस गाठायला गेली.

गादी करायला घेतली त्या दिवशी बाकावर एक अनोळखी गृहस्थ बसले होते. उशा घ्यायला आले असतील, असं चाचांना वाटलं. त्यांनी नेहमीप्रमाणे टकटक केली, कान तिरपा केला आणि स्वतःच उत्तर दिलं, "हाय. पोरीचा बाप हाय. लगनाले जाऊन राह्यला." अनोळखी गृहस्थ हसले, मीही हसलो. ते गृहस्थ म्हणजे नवरदेवाचे मामा होते. मुलीकडचे गादी वजनात मारतात की काय, हे पाहायला ते गुपचूप येऊन बसले होते. हे आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता.

लग्न झालं. पंधरवड्यात नवरदेव तापाने आडवा झाला आणि झोपेत बडबडू लागला. त्यातच घरचा एक बैल मेला. तेव्हा मामांना ती टकटक आठवली. बापाचा जीव गादीत आहे, हे खुद्द गादी करणाऱ्याने सांगितल्याचं त्यांनी घरात सांगितलं. त्यावर कुणीतरी जोड दिली की बाप औषध पिऊन मेला असणार, आजकाल दुसरं काय असतं, आणि तसा मेलेला माणूस सुखासुखी सुटत नाही. गादी गोठ्यात गेली आणि सुमन माहेरी. चार दिवस राहून ये, असं म्हणून तिला धाडलं होतं, पण महिना झाला तरी घ्यायला कुणी आलं नाही.

सुमनची आई हे सांगायला दुकानात आली तेव्हा भांडली नाही. बाकावर बसली आणि सगळं सांगितलं. शेवटी एवढंच म्हणाली, "चाचा, तुमची गंमत होती, मले समजते. पन माही पोरगी घरी बसली." चाचांच्या हातातली सुई तशीच राहिली.  त्या दिवसापासून दुकानातली टकटक बंद झाली. गादी आली की ते मुकाट्याने उसवायचे. बंगल्यातला साहेब, मेम, कंपाउंडर, सगळे कुठे गेले कोण जाणे. कंपाउंडरची बायको पायरीशी येऊन तशीच परत गेली, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

एका सकाळी चाचा धुतलेला कुर्ता घालून माझ्या दारात उभे राहिले. हातात पिशवी. उमरखेडला जायचं आहे, चलता का म्हणाले. सुमनला आणि तिच्या आईला सोबत घेऊ, असं मी सुचवलं. ते त्यांना मान्य नव्हतं. "पोरगी खाल मान घालून कायले जाईन? घ्याले तेच येतीन," म्हणाले. पुसदला बस बदलून आम्ही दुपारी पोचलो. वाटेत काय बोलणार आहात, असं मी विचारलं. खरं ते सांगणार, गंमत केली म्हणून पाया पडणार, असं त्यांनी ठरवलं होतं.

सासर शेतीवालं, घर बऱ्यापैकी, बाजूला गोठा. नवरदेव बरा होऊन शेतात गेला होता. सासूबाई, सासरे आणि मामा घरी होते. सासूबाई कजाग असेल, अशी मी तयारी ठेवली होती. तशी ती नव्हती. एकुलता एक मुलगा मरणाच्या दारातून परत आला होता आणि ती अजून त्या दाराकडेच पाहत होती, इतकंच. सासरे एका कोपऱ्यात सुतळी वळत बसले होते. चाचांनी हात जोडले आणि सगळं खरं सांगितलं. काविळीचंही सांगितलं. गादीत कोणी नसतं, ती आपली जुनी खोड आहे, चूक झाली, पोरीला शिक्षा देऊ नका, असं म्हणाले.

खरं सांगून काही उपयोग झाला नाही. मामा म्हणाले, म्हणजे तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता बोलता? सासूबाई म्हणाली, "गंमत होती त माहं पोरगं झोपीत काहून बडबडे?"  चाचा खाली पाहत राहिले. मला वाटलं, संपलं, आता परतीची बस पाहावी.

मग ते उठले, गोठ्यात गेले आणि गादी उचलून अंगणात घेऊन आले. लाल फुलांवर धूळ बसली होती. त्यांनी ती हाताने झटकली, गादीसमोर उकिडवे बसले आणि कित्येक दिवसांनी पहिल्यांदा टकटक केली. "कोनी हाय का अंदर?" नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. सासूबाई दाराची चौकट धरून उभी होती.

"हाय बाई," चाचा म्हणाले. "तुमचंच खरं. बाप हाय तेच्यात. लेकीसाठी ठेवलेल्या कापसावर जीव गेला तेचा, त तो लेकीसंग नाई येईन त कुठं जाईन? पन भूत कोनाचं वाकडं करत नाई. तेचं काम अडलेलं रायते. मले एक सांगा, लगनात व्याहीभेट कोनासंग झाली?"

 लग्नात मुलीचा बाप आणि मुलाचा बाप एकमेकांच्या गळ्यात पडतात, दुपट्टा-टोपीचा मान होतो, तेव्हा कुठे दोन घरं सोयरी झाली असं आपण मानतो. सासरे हातातली सुतळी खाली ठेवून पहिल्यांदाच बोलले, "ते राह्यली." सुमनचा काका बापाच्या जागी उभा राहायचा होता. तो जेवणावरून रुसून बसला, इकडे पंगती उठल्या, वऱ्हाडाची गाडी घाई करू लागली, आणि राहून गेलं.

 सासरे उठून घरात गेले. परत आले तेव्हा डोक्यावर धुतलेली टोपी होती आणि हातात नवा दुपट्टा. चाचांनी गादीची वळकटी करून ती उभी केली आणि पडू नये म्हणून मागून धरली. त्या माणसाने गादीच्या खांद्यावर, म्हणजे जिथे खांदा असता तिथे, दुपट्टा घातला आणि दोन्ही हातांनी तिला कवळ घातली. "व्याही," तो म्हणाला, "राह्यलं होतं. मनात धरजा नोका." तो बराच वेळ तसाच उभा राहिला. मागे चाचांचा चेहरा मला दिसत नव्हता. एरवी मी अशा प्रसंगी हसलो असतो, पण त्या दिवशी मला हसू आलं नाही, रडू आलं. मामा चपला शोधायच्या निमित्ताने बाहेर निघून गेले.

सासूबाई पुढे आली. वळकटीवर तिने हात फिरवला, दुपट्टा नीट केला आणि नवऱ्याला म्हणाली, "उन्हात कायले ठेवलं जी त्याइले? घरात घ्या." चाचा म्हणाले, एक मिनिट. त्यांनी कोपऱ्याची शिवण थोडी उसवली, पिशवीतून मूठभर रुई काढून आत सारली आणि पुन्हा टाका घातला. गोठ्यात पडून घट आली असेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

परतीच्या बसमध्ये मला राहवेना. व्याहीभेट राहिली हे तुम्हाला सुमनच्या आईने सांगितलं होतं का, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली. "मले काय मालूम? म्या आपलं इचारलं. लगन म्हटलं का काही ना काही राह्यतेच." मग भुतांवर तुमचा खरोखर विश्वास आहे का, तेही विचारून घेतलं. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "भूत नाई पायलं बा मी अजून. पन गादी उसवली का मानूस दिसते."

त्याच आठवड्यात सासरे स्वतः येऊन सुमनला घेऊन गेले. चाचांची टकटक पुन्हा सुरू झाली. फरक एवढाच की टकटक करण्याआधी बाकावर कोण बसलं आहे, ते नीट पाहून घेत. कंपाउंडरच्या बायकोलाही नवऱ्याची खबर मिळू लागली. मेमचा खोकला तोवर वाढला होता.

पुढे टायपिंग संपलं, मी दुकानात झेरॉक्स मशीन आणलं. एका हिवाळ्यात हमीदचाचा गेले. दुपारच्या डुलकीतच, दुकानात, पोत्याला टेकून. जन्मभर ते चटईवर निजले. त्यामुळे त्यांच्यामागे उसवायला त्यांची गादीच नव्हती. मी माझ्या परीने त्यांना बंगल्यात नेऊन बसवायचा खूप प्रयत्न केला. व्हरांड्यात बसवलं, मेमची गादी पिंजायला दिली. पण गोष्ट सांगायची ती हातोटी माझ्याकडे नाही. माझ्या बंगल्यात ते नुसते बसून राहायचे, एक अक्षर बोलायचे नाहीत. सलीमने अर्ध्या दुकानात फोम ठेवला आणि टकटक वगैरे बंद झालं. त्याला त्याची लाज वाटायची.

मागच्या उन्हाळ्यात सुमन आली. नवऱ्याने मोटारसायकलवर मागे गादी बांधून आणली होती. लाल फुलं विटून गेली होती. पिंजून नवी करायची होती. मी झेरॉक्स सोडून त्यांच्या पायरीवर येऊन बसलो. सलीमने गादी पसरली, कात्री घेतली आणि शिवणीला लावणार तोच सुमन म्हणाली, "दादा, अगोदर इचारा ना."

सलीमने माझ्याकडे पाहिलं.  त्याने इकडेतिकडे पाहून घेतलं, वाकला, बोटांनी टकटक केली आणि घसा साफ करून कसंबसं म्हणाला, "कोनी हाय का अंदर?"

बापासारखाच थांबला तो. सुमनने गादीच्या त्या उसवून शिवलेल्या कोपऱ्यावर तळहात ठेवला. चाचांच्या मूठभर रुईची गोष्ट तिला सासऱ्यांनी सांगितलेली असणार.

"हायेत," ती म्हणाली. "दोघंबी हायेत."

सलीमने कात्री खाली ठेवली.  मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मास्तर, चाय सांगा. बसू द्या जरा त्याइले."